जुळणीचा इतिहास : लॅमिंग्टन रोड ते उत्तन

१

मराठीत 'जुळणे' या क्रियापदाचा संसार मोठा आहे. पत्रिका जुळते, सूर जुळतो, हिशेब जुळतो, लग्न जुळते. आणि छापखान्यात खिळे जुळवले जात. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांच्या नावांशेजारी 'अक्षरजुळणी' हा शब्द आजही छापलेला आढळतो. ज्या जुळाऱ्यामुळे तो रूढ झाला, तो मात्र छापखान्यातून केव्हाच नाहीसा झाला आहे. जुळाऱ्याचे काम खणातून खिळा उचलून ओळीत ठेवण्यापुरते नव्हते. खिळ्यांची उंची एकसारखी नसेल तर ठसा एके ठिकाणी गडद आणि दुसरीकडे पुसट उठतो. मात्रेचा खिळा वेगळ्या मापाचा असेल तर तो अक्षराशी नीट बसत नाही. म्हणजे जुळणी सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी माप ठरवलेले असावे लागते, आणि ते संबंधितांना ठाऊक असावे लागते.

हाच शब्द आज आणखी एका कारागिरीला चपखल लागू पडतो. खेळांसाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र 'गेमिंग पीसी' म्हटले जाते त्यासाठी, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे सुटे भाग निवडून स्वतःचा संगणक जुळवणारा तरुण वर्ग आपल्या महाविद्यालयांतही आहे. या विषयाशी वाङ्मयाच्या अभ्यासकाला काय कर्तव्य, असा प्रश्न येथे सहज उद्भवेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे अशी अपेक्षा आहे. तूर्त एवढेच नोंदवू की सुसंगतता हा वस्तूंचा अंगभूत गुण नसतो. तो माणसांनी केलेला करार असतो. तो करार कोणी केला, उघड केला की झाकून ठेवला, आणि कोणी मोडला, हा इतिहासाचा विषय आहे. आणि या इतिहासात मराठी लिपीचाही एक अध्याय आहे.

२

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. ही कंपनी तोवर आपल्या यंत्राचे बहुतेक सर्व भाग स्वतः घडवीत असे. या वेळी घाई होती, म्हणून तिने प्रोसेसर इंटेलकडून घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि इतरांनी या यंत्रासाठी कार्डे बनवावीत म्हणून त्याची तांत्रिक पुस्तिका विक्रीला ठेवली. तिच्यात विद्युतमंडलांचे आराखडे तर होतेच. पण यंत्र सुरू होताना त्याच्या अवयवांची ओळख पटवून देणारा 'बायॉस' हा प्रोग्रामही ओळीओळीने छापलेला होता. वाचायला मुभा होती, नक्कल करायला नव्हती. त्यावर आयबीएमचे स्वामित्व होते.

येथून पुढची घटना साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वामित्वहक्काचा कायदा कल्पनेचे नव्हे, तर अभिव्यक्तीचे रक्षण करतो. कॉम्पॅक या नव्या कंपनीने नेमका हा भेद वापरला. एका गटाने बायॉस वाचून तो काय करतो याचे वर्णन लिहिले. ज्यांनी मूळ संहिता कधीही पाहिलेली नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून स्वतंत्र बायॉस लिहिला. आशय तोच, शब्द निराळे. १९८२च्या अखेरीस जाहीर झालेला कॉम्पॅकचा संगणक आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम चालवू लागला. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने असाच बायॉस कोणालाही विकत द्यायला सुरुवात केली, आणि 'आयबीएम सुसंगत' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. यंत्राचे मालक अनेक झाले. करार मात्र एकच राहिला.

मूळ कंपनीला हे रुचणे शक्यच नव्हते. १९८७ मध्ये आयबीएमने 'पीएस/२' ही मालिका आणली. तिच्यातील 'मायक्रो चॅनल' खाचा तांत्रिक दृष्ट्या सरस होत्या. पण जुनी कार्डे त्यांत बसत नव्हती आणि त्या वापरू पाहणाऱ्या इतर उत्पादकांना परवानाशुल्क द्यावे लागणार होते. प्रतिस्पर्धी नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन जुन्या कार्डांना सामावून घेणारा दुसरा मार्ग जाहीर केला. तोही फार काळ टिकला नाही. परंतु आयबीएमचा बंद मार्गही रुजला नाही. पुढे इंटेलच्या पुढाकाराने १९९२ मध्ये पीसीआय ही जोडणी आली, आणि १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांचे माप ठरले. स्क्रूची छिद्रे कोठे असावीत इथपर्यंत सारे त्यात लिहिलेले आहे. आज तैवानमध्ये बनलेला बोर्ड भारतात घडवलेल्या कॅबिनेटमध्ये मुकाट्याने बसतो, याचे कारण हा कागद.

३

भारतात हा करार उशिरा आणि आडवळणाने पोहोचला. आयबीएमने १९७८ मध्ये देशातून काढता पाय घेतला होता. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या संगणक धोरणाने आयातीची आणि उत्पादनाची वाट काहीशी मोकळी केली. १९९१ नंतर ती रुंदावली. आणि माहिती-तंत्रज्ञान उत्पादनांविषयीच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाल्यावर या वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. दरम्यानच्या काळात नामांकित कंपनीचा तयार संगणक मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होता. जुळवलेला संगणक मात्र थोडाथोडा, हप्त्याहप्त्याने घडवता येत असे : यंदा रॅम चार एमबी, पुढल्या दिवाळीला आठ.

मुंबईत या व्यवहाराचे केंद्र ठरला लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. पुढे त्याचे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नामकरण झाले. पण लोकांच्या तोंडी जुने नावच राहिले. चित्रपटरसिकांना हा रस्ता निराळ्या कारणासाठी ठाऊक आहे. 'शोले' १९७५ मध्ये येथल्याच मिनर्व्हा चित्रपटगृहात लागला आणि पाच वर्षे चालला. नाझ चित्रपटगृहाची इमारत चित्रपट-वितरकांचा अड्डा होती. त्याच रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकाने होती. घरी रेडिओ जुळवणाऱ्या हौशी लोकांना व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर तेथे मिळत. संगणक आला तेव्हा या पेठेला नवी भाषा शिकावी लागली नाही. सुटा भाग मागणे, त्याचा क्रमांक सांगणे, पर्याय सुचवणे, जोडून दाखवणे हे व्याकरण तिच्या अंगवळणी पडलेले होते. फक्त शब्द बदलले.

या पेठेचे गुणगान करताना तिची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. पक्के बिल न देणे, चोरीचे सॉफ्टवेअर भरून देणे, कमी गतीच्या प्रोसेसरवरील अंक खोडून वरचा अंक छापलेला माल खपवणे, हे प्रकार १९९०च्या दशकात जगभरच्या सुट्या बाजारांत चालत आणि आपल्याकडेही चालत. परंतु म्हणूनच गिऱ्हाइकाला वाचता येणे अपरिहार्य झाले. दुकानदाराने लिहून दिलेले कोटेशन हा एक संहितेचाच प्रकार होता, आणि जो ती ओळीओळीने तपासू शके तोच फसत नसे.

४

हे वाचन सर्वांत आधी आणि सर्वांत आवडीने कोणी शिकले असेल, तर ते खेळ खेळणाऱ्या मुलांनी. कार्यालयातला हिशेब कोणत्याही संगणकावर होई. खेळ मात्र यंत्राचा अंत पाहत असे. 'डूम' हा खेळ १९९३ मध्ये आला. तो आवाजासह चालवायचा तर साउंड कार्डाचा पत्ता, त्याची 'इंटरप्ट' वाहिनी आणि 'डीएमए' वाहिनी यांचे आकडे स्वतः भरावे लागत. इंटरप्टचा सातवा क्रमांक प्रिंटरच्या जोडणीकडे असे. तोच साउंड कार्डाला दिला तर दोघांचे भांडण होई. कार्डावरची इवलीशी टोपणे, म्हणजे जंपर, चिमट्याने हलवून हे भांडण सोडवायचे. विंडोज ९५ ने ही कटकट पुष्कळशी कमी केली, पण तोवर एका पिढीला कळून चुकले होते की यंत्राच्या पोटात प्रत्येक अवयवाला आपापली जागा हवी असते.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या 'व्हूडू' कार्डाने त्रिमिती खेळांचे रूप पालटले. गंमत अशी की हे कार्ड एकट्याने काही करू शकत नसे. साधी चित्रे दाखवणारे दुसरे कार्ड शेजारी लागे आणि दोहोंना जोडणारी केबल मागच्या बाजूने फिरवावी लागे. १९९९ मध्ये एन्व्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणले आणि ग्राफिक्स कार्ड हाच गेमिंग संगणकाचा नायक झाला. तेव्हापासून निवडीचा क्रमही ठरून गेला : कोणता खेळ, कोणत्या पडद्यावर खेळायचा, हे आधी, त्यावरून ग्राफिक्स कार्ड, त्याला साजेसा प्रोसेसर, प्रोसेसरला चालणारा मदरबोर्ड, बोर्डाला चालणारी रॅम, आणि शेवटी या साऱ्यांची भूक भागवणारा एसएमपीएस.

या निवडीत 'जुळणे' या एकाच क्रियापदाचे निदान चार अर्थ सामावलेले आहेत. पहिला, बसणे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमपट्ट्यांना २८८ टोके असतात; पण मधली खाच निराळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी जात नाही. येथे खाच पहारेकऱ्याचे काम करते. दुसरा अर्थ, बसून चालणे. १९९७ची इंटेलची 'स्लॉट १' आणि १९९९ची एएमडीची 'स्लॉट ए' या खाचा आकाराने एकच होत्या, फक्त उलट दिशेने लावलेल्या. विद्युत दृष्ट्या मात्र त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. आजची एम.२ ही खाचही अशीच फसवी. तिच्यात साटा पद्धतीची स्मृतिपट्टी बसते आणि एनव्हीएमई पद्धतीचीही. बोर्डाला दोन्ही बोली समजतात की एकच, हे पुस्तिकेत पाहावे लागते. तिसरा अर्थ, ओळखणे. प्रोसेसर जागेवर बसला, वीज मिळाली, तरी बायॉस जुना असेल तर तो नव्या पाहुण्याला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. चौथा अर्थ, पेलणे. बलाढ्य ग्राफिक्स कार्डाला दुबळा प्रोसेसर दिला तर सारे काही 'चालते', पण कार्ड रिकामे बसून राहते. हा दोष कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. तो अनुभवाने किंवा दुसऱ्याच्या चाचण्या वाचून कळतो.

तिसऱ्या अर्थातच सत्तेचा प्रश्न दडलेला आहे. इंटेलच्या २०१५च्या आणि २०१७च्या प्रोसेसरांना टोके सारखीच, ११५१. पण टोकांची नेमणूक बदलून कंपनीने नव्या प्रोसेसरसाठी नवा बोर्ड आवश्यक ठरवला. उलट एएमडीने २०१६ मध्ये आणलेले 'एएम४' हे आसन अनेक पिढ्या टिकवले. २०२० साली आलेले रायझन ५००० प्रोसेसर पहिल्या पिढीच्या बोर्डांवर चालवण्यास कंपनीने आरंभी संमती दिली नव्हती. २०२२ मध्ये ती दिली, आणि बोर्डात कोणताही भाग न बदलता, केवळ नव्या बायॉसमुळे, पाच वर्षांपूर्वीचे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखू लागले. 'चालत नाही' आणि 'चालू देत नाही' या दोन वाक्यांतला फरक यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

५

हा इतिहास उत्तनच्या बाजूने पाहिला तर अधिक उजळतो. इतिहासाच्या वाचकांना हा परिसर धारावी बेट म्हणून, चिमाजीअप्पांच्या १७३७ ते १७३९ या वसई मोहिमेमुळे परिचित आहे. आज तो मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण रेल्वे येथे येत नाही. भाईंदर स्थानकावर उतरून बसने समुद्राकडे जावे, म्हणजे डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे लागतात. कोळी आणि ख्रिस्ती वस्ती, डोल जाळ्याने होणारी मासेमारी, बांबूंवर ओळीने वाळणारे बोंबील. महानगराच्या अशा टोकाला राहणाऱ्याला भडकमकर मार्गावर दुसरी खेप सहजासहजी परवडत नाही. म्हणून पहिल्याच खेपेची यादी चोख असावी लागते.

जुळणीचे हे शहाणपण येथे संगणकाबरोबर आले असे समजण्याचे कारण नाही. मच्छीमार बोट हीच मुळी जुळवलेली वस्तू आहे. सांगाडा सुताराच्या हातचा, इंजिन कंपनीचे, पंखा आणखी कोणाचा. पंखा इंजिनाच्या मानाने मोठा झाला तर इंजिन धापा टाकते. लहान झाला तर इंजिन भरधाव फिरते आणि बोट जागची हलत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्याविषयी वर जो चौथा अर्थ सांगितला, तो बोटीच्या मालकाला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

किनाऱ्यावरच्या घरात यादीला आणखी एक अट जोडली जाते, ती हवेची. खारी, दमट हवा तांब्याच्या जोडांना खाते. थंड करणारे पंखे तीच हवा दिवसरात्र यंत्राच्या पोटात ओढतात. म्हणून धुळीची जाळी असलेले कॅबिनेट, थोडा अधिक शक्तीचा आणि चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावासाठी यूपीएस, या गोष्टी येथे चैनीच्या ठरत नाहीत. संगणक सुरू होईनासा झाला की रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसायची, हा आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्ती-कारागिराचा पहिला उपाय आहे. त्याची पूर्वअट एकच : पट्टी काढता आली पाहिजे.

नेमकी हीच पूर्वअट आज धोक्यात आहे. २०१२ मध्ये ॲपलने आपल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर कायमची डाखून टाकली. त्यानंतर पातळ लॅपटॉपांत हा प्रघातच पडला. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे स्मृतीचिपांचा ओघ वळल्याने सुट्या रॅमच्या किमती भडकल्या, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रूशल' हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. सुटा भाग विकण्यापेक्षा घाऊक विकणे फायद्याचे ठरू लागले, की जुळवणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकू लागते. एक भाग बिघडला म्हणून सबंध यंत्र टाकायचे, तर ते कोठे टाकायचे हाही प्रश्न आहे. इ-कचऱ्यासाठी देशात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. पण शहरे आपला कचरा आपल्या कडेला नेऊन टाकतात, ही गोष्ट उत्तनकरांना नियमांतून शिकावी लागलेली नाही. मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर आणला गेला आणि ग्रामस्थ त्याविरुद्ध झगडत राहिले.

६

आता लिपीकडे वळू. मराठी संगणकावर आली ती एका सुट्या भागाच्या रूपाने. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेले 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत, वाढले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या मोकळ्या खाचेत खोवायचे कार्ड होते; ते बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. आयबीएमने १९८१ मध्ये खाचांचे आराखडे उघड केले नसते, तर अमेरिकेत घडलेल्या यंत्रात भारतीय लिपीला शिरकाव करायला फटही मिळाली नसती. आपण ज्याला तांत्रिक तपशील म्हणतो, त्याचा आपल्या भाषेशी इतका निकटचा संबंध आहे.

कार्डाबरोबर अक्षरांचा करारही झाला. 'इस्की' ही भारतीय लिप्यांची सांकेतिक मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली. परंतु विंडोजवर युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. मधल्या दशकात प्रकाशकांनी आणि टंकलेखकांनी हाती लागेल त्या फॉन्टचा आश्रय घेतला. प्रत्येकाची मांडणी निराळी. एकात 'क' असलेल्या जागी दुसऱ्यात रफार. नियतकालिकांचे अंक, प्रबंध, कवितांची हस्तलिखिते या फॉन्टांत टंकली गेली आणि फ्लॉपीवर ठेवली गेली. काही सॉफ्टवेअरांसोबत प्रिंटरच्या जोडणीत खोवायचे कुलूप येई. ते नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. आज मदरबोर्डांवर फ्लॉपीची जोडणी नाही, प्रिंटरची जुनी जोडणी क्वचितच, आणि बाहेरून लावायच्या उपकरणांतून अशी कुलपे बहुधा ओळखली जात नाहीत.

याचा अर्थ असा की १९९०च्या आसपास संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठी संहितेचा मूळ पाठ पाहायचा, तर त्या काळाला सुसंगत यंत्र जुळवावे लागेल : तशी खाच असलेला बोर्ड, त्याला चालणारी रॅम, चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्ह, त्या फॉन्टची प्रत आणि ते कुलूप. पाठचिकित्सेच्या तासाला आपण पोथ्यांच्या शाखा, लेखनिकांचे प्रमाद, पाठभेद शिकवतो. पण आपल्याच हयातीत लिहिल्या गेलेल्या संहितेची पोथी उघडण्याची विद्या विभागात कोणापाशी असते? ती असते मागच्या बाकावर बसून मदरबोर्डांची पुस्तिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यापाशी. कोणते टोक कोठे बसते, बसूनही का चालत नाही, चालूनही का ओळखत नाही, हे प्रश्न त्याने खेळाच्या ओढीने सोडवलेले असतात. पाठाभ्यासाला लागणारी चिकाटी ती हीच.

म्हणून एक सूचना. आपल्या विभागातल्या, ग्रंथालयातल्या, सेवानिवृत्त सहकाऱ्यांच्या कपाटातल्या फ्लॉप्या आणि जुने फॉन्ट यांची यादी करावी, आणि त्या उघडण्याचे यंत्र जुळवायला अशा विद्यार्थ्याला बोलवावे. फ्लॉपीवरचा चुंबकीय ठसा कायमचा नसतो, आणि लागणारे सुटे भाग दरवर्षी अधिकाधिक दुर्मीळ होत जाणार आहेत. जुने बोर्ड भंगारात देण्यापूर्वी एकदा त्यालाही विचारावे.